नाव कोणाचे, हात कोणाचे?



अनुवादकाच्या मेजावर कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी येऊन पडेल, याचा काही नेम नसतो. मागे एकदा दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीचे निवेदन मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. दोनच पानांचा मजकूर. आमची कंपनी कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणास आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या सहभागास वचनबद्ध आहे, असे त्यात तीन वेळा म्हटले होते. ‘सबलीकरण’ लिहावे की ‘सक्षमीकरण’, या विचारात मी लेखणी थांबवून बसले असता टपाल आले. त्यात जबलपूरच्या एका भगिनीचे पत्र होते.

आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मी त्यांना केवळ ‘बाई’ म्हणेन. त्यांचे आजेसासरे भंडाऱ्याकडून पोटासाठी जबलपुरास आले. सासरे कारखान्यात कामगार होते. घराणे अनुसूचित जातीचे. बाई बारावीपर्यंत शिकलेल्या, शिवणकामात तरबेज. तीन वर्षांपूर्वी घरात एक छोटी पेढी निघाली. कारखान्यांना लागणारे सुती हातमोजे, एप्रन, यंत्रे पुसण्याची फडकी असा माल ती पुरविते. पेढी बाईंच्या नावावर आहे. त्यांनी लिहिले होते : ‘‘भाऊजी म्हणतात, वहिनींच्या नावाने दुहेरी फायदा आहे, एक जातीचा आणि एक बाईपणाचा. कागद आला की मी सही करते. चेकबुकावर तर आधीच सह्या करून ठेवलेल्या असतात. ताई, यात काही चुकीचे तर नाही ना? आणि उद्या काही झाले तर पकडतील कोणाला?’’

ती दोन पाने आणि हे पत्र, दोहोंचा विषय एकच आहे हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आधी सांगते, कारण आपल्याकडील व्यवस्था तिच्या शेजारी ठेवली म्हणजे अधिक स्पष्ट दिसते. ‘राखीव जागा’ हा शब्द आपल्या कानांना परिचयाचा आहे. त्या देशातही तो होता, परंतु उलट्या अर्थाने. तेथे कामे राखून ठेवलेली असत ती गोऱ्यांसाठी! खाणींतील कुशल कामे काळ्या मजुराला मिळू नयेत अशी तरतूद १९११ च्या खाणकायद्याखाली झाली, १९२६ साली ती अधिक पक्की केली गेली आणि १९५६ च्या औद्योगिक कायद्याने कोणताही धंदा अमुक वर्णासाठी राखून ठेवण्याचा अधिकारच सरकारने हाती घेतला. त्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९५६ रोजी, सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर चालून गेल्या. काळ्या स्त्रियांनीही परवाने बाळगले पाहिजेत या सक्तीविरुद्ध तो मोर्चा होता. त्याच्या अग्रभागी लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफी विल्यम्स यांच्याबरोबर रहिमा मूसा या भारतीय वंशाच्या बाई होत्या. ९ ऑगस्ट हा दिवस तेथे आज स्त्रीदिन म्हणून पाळला जातो.

वर्णद्वेषी राजवट १९९४ साली गेली. मताचा अधिकार मिळाला, पण खाणी, पेढ्या, जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. म्हणून २००३ साली व्यापक कृष्णवर्णीय आर्थिक सबलीकरणाचा कायदा झाला. ‘कृष्णवर्णीय’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. तीत आफ्रिकी आणि मिश्रवर्णीय लोकांबरोबर भारतीय वंशाचे नागरिकही येतात. मात्र ते जन्माने वा वंशाने त्या देशाचे नागरिक असले पाहिजेत, अथवा २७ एप्रिल १९९४ पूर्वी त्यांनी नागरिकत्व घेतलेले असले पाहिजे. म्हणजे दरबानमधील उसाच्या मळ्यावर राबलेल्या गिरमिटियाचा पणतू त्यात येतो, काल नोकरीसाठी जोहान्सबर्गला गेलेला आपला भाचा येत नाही.

हा कायदा कंपनीला गुण देतो. मालकीत कृष्णवर्णीयांचा वाटा किती, व्यवस्थापनात किती, कामगारांच्या शिक्षणावर खर्च किती, माल कोणाकडून घेतला, समाजासाठी काय केले, या सर्वांचे गुण. कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा वेगळा मोजला जातो. यातील ‘माल कोणाकडून घेतला’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडून शंभर रुपयांचा माल घेतला, तर तो एकशे पस्तीस रुपयांचा धरतात. आठव्या पायरीच्या पुरवठादाराकडून घेतला, तर अवघा दहा रुपयांचा. त्यामुळे मोठी कंपनी लहान कंपनीला विचारते, तुझा दाखला दाखव. लहान कंपनी आपल्याहून लहानाला विचारते. प्रश्न असा खाली झिरपत जातो.

आणि जेथे गुण, तेथे कॉपी करणारेही आलेच. कागदावर माळ्याला किंवा वाहनचालकाला संचालक करावयाचे, त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसावे की तो संचालक आहे, असे प्रकार तेथे पुष्कळ झाले. २०१३ च्या दुरुस्तीने असे मुखवटे उभे करणे हा गुन्हा ठरला. दहा वर्षांपर्यंत कारावास आणि कंपनीला वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता जबलपूर. हे शहर नर्मदेचे, संगमरवरी खडकांचे, राणी दुर्गावतीच्या गोंड राज्याचे. पण पोट भरते ते बव्हंशी कारखान्यांच्या भोंग्यावर. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. वाहन कारखाना १९६९ चा. ‘शक्तिमान’ मालमोटारी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी खाते राहिले नाहीत, सरकारी मालकीच्या निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. खमरियाची कंपनी म्युनिशन्स इंडिया, तिचे मुख्यालय पुण्यात आहे.

भरतीतील राखीव जागांविषयी आपण सारे बोलतो आणि भांडतोही. त्यामानाने दुसऱ्या एका राखीव वाट्याची चर्चा घरांत क्वचितच होते. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या बाजारातून जो माल घेतात, त्याविषयी २०१२ साली एक आदेश निघाला. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचा ठरावीक भाग घेतलाच पाहिजे, आणि एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून घेतला पाहिजे. २०१८ साली लघुउद्योगांचा एकूण वाटा २० वरून २५ टक्के झाला, आणि त्यात ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी ठेवण्यात आले. अशा उद्योगाला निविदेचे कागद विनामूल्य मिळतात, अनामत रक्कम भरावी लागत नाही. त्याचा भाव सर्वांत कमी भावाहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या कमी भावाने मालाचा काही भाग पुरविण्याची संधीही मिळते. मालकी कोणाची याची कसोटी साधी आहे. एकट्याची पेढी असेल तर मालक त्या वर्गातील हवा. भागीदारी वा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के वाटा हवा.

आदेश चांगला आहे. परंतु लघुउद्योगांकडून होणारी एकूण खरेदी पंचविशीच्या वर जात असतानाही, चार टक्क्यांचा तो भाग वर्षानुवर्षे बराच अपुरा राहिला. अधिकारी म्हणतात पुरवठादार मिळत नाहीत, पुरवठादार म्हणतात आम्हाला कोणी विचारीत नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, असे माझे मत आहे.

गिऱ्हाईक होणे हीसुद्धा मोठी मदत असते, हे महाराष्ट्राला कोणी परदेशातून येऊन शिकविण्याची गरज नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही माहीत आहे. गंगाराम कांबळे यांची गोष्ट मात्र मला त्याहून जवळची वाटते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या गृहस्थाला पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला होता. महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले. पण दुकान काढून देणे सोपे, तेथे चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतःची गाडी दुकानापुढे थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. छत्रपतींच्या समोर पेला नाकारणार कोण! मला तर हा आपल्याकडील पहिला ‘खरेदी-आदेश’च वाटतो. आणि ध्यानात घ्या, तेथे गल्ल्यावर गंगाराम स्वतः बसत असे.

बाईंच्या घरी गल्ल्यावर कोण बसते, हे पाहावयास मी हिवाळ्यात जबलपुरास गेले. निमित्त मामेबहिणीच्या मुलीच्या बारशाचे होते, हे कबूल करते.

रांझी भागात त्यांचे घर आहे. पुढच्या खोलीत तीन शिवणयंत्रे, कोपऱ्यात कापडाचे तागे, खाटेवर डझनाडझनाने बांधलेले हातमोजे. शेजारच्या दोन बाया मोज्यांची बोटे उलटवीत बसल्या होत्या. कापडाचा भाव, एका ताग्यात किती जोड निघतात, कोणत्या सुईने अंगठ्याची शिवण उसवत नाही, हे सारे बाई न अडखळता सांगत होत्या. मी विचारले, ‘‘शेवटची निविदा किती रकमेची भरली?’’ त्या हसल्या. ‘‘ते भाऊजींना ठाऊक.’’ ‘‘बँकेत शिल्लक किती?’’ ‘‘तेही त्यांनाच.’’ सरकारी खरेदी आता संगणकावरील बाजारातून होते, तेथे प्रत्येक वेळी एक गुप्त आकडा भ्रमणध्वनीवर येतो. बाईंच्या नावाने येणारा ओटीपी दिरांच्या भ्रमणध्वनीवर येत होता. यात कोणाचे कपट नव्हते. आधार कार्ड काढले तेव्हा घरात एकच फोन होता, तोच क्रमांक सर्वांच्या कार्डाला लागला. पुढे घरात चार फोन आले. क्रमांक तोच राहिला.

आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांच्या सासूबाई सुपात काही निवडीत होत्या. त्यांच्या बोटांकडे माझे लक्ष गेले. तर्जनीच्या टोकाला घट्टा होता. ‘‘चाळीस वर्षे विडी वळली,’’ त्या म्हणाल्या. जबलपूर, सागर, दमोह हा सारा विडीचा मुलूख. तेंदूची पाने जंगलातून येतात, आणि घरोघर बायका ती कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजारी मोजून देतात. पाने आणि तंबाखू द्यायला व माल घ्यायला जो मधला माणूस असतो त्याला तिकडे सट्टेदार म्हणतात. तो मालाची छाट काढतो, म्हणजे अमुक विड्या वाईट म्हणून बाजूला टाकतो, त्यांची मजुरी मिळत नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधी आला, त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या आणि दवाखाने मिळाले. निधीसाठी विडीवर बसविलेला उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर संपला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६६ च्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. सासूबाईंना यांतील फारसे काही ठाऊक नाही. मी विचारले, ‘‘तुमचे कामगाराचे कार्ड असेल ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कार्ड याच्या वडिलांचं होतं. ते कारखान्यात लागायच्या आधीचं. विडी त्यांनी कधी वळली नाही, त्यांना तंबाखूनं खोकला यायचा.’’

मी सुनेकडे पाहिले. तिच्याही ध्यानात आले असावे. सासूच्या वेळी हात बाईचे आणि नाव पुरुषाचे. सुनेच्या वेळी नाव बाईचे आणि कारभार पुरुषाचा. मजुरीचा हिशोब दोघींनीही कधी पाहिलेला नव्हता.

आता त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी पेढी आहे, त्यांच्याही ते उपयोगी पडेल.

घरातील दीर, नवरा, मुलगा यांनी कामात मदत करणे यात गैर काहीच नाही. पुरुषांच्या पेढ्यांतही भाऊ, मेव्हणे राबतातच. पण एकट्याच्या मालकीच्या पेढीत पेढी आणि मालक यांना कायदा निराळे मानीत नाही. कर्ज थकले तर ते मालकिणीचे. कर भरला नाही तर नोटीस मालकिणीला. आणि सही केलेला कोरा चेक न वटता परत आला, तर १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयात ‘भाऊजींना ठाऊक’ हे उत्तर चालत नाही. शिवाय केवळ सवलतीसाठी नाव पुढे केले आहे असे सिद्ध झाले, तर पेढीला सरकारी खरेदीतून काही काळ बाद करतात. मग तीन शिवणयंत्रे आणि शेजारच्या दोन बाया, सर्वच बसून राहतात.

म्हणून मी त्यांना सांगितले की प्रथम कोऱ्या सह्या थांबवा. आधार केंद्रात स्वतः जाऊन, अंगठा देऊन, तेथील भ्रमणध्वनीचा क्रमांक स्वतःचा करून घ्या. दुसऱ्याला पाठवून ते काम होत नाही. मग उद्यम नोंदणीत आणि बँकेत तोच क्रमांक द्या. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. महिन्यातून एकदा बँकेचे टिपण घेऊन बसा, दिरांनाही शेजारी बसवा, आणि न कळलेली प्रत्येक ओळ विचारा.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, दिरांनाही नव्हती. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाने दिलेला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज देणे लागते. मागणी कोठे करावयाची, तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे. अर्ज संगणकावरूनही होतो. गेल्या तीन वर्षांत त्यांची बिले चार-चार महिने अडकली होती, आणि त्या काळात कापडवाल्याला दिलेले व्याज नफ्यातून गेले होते. माझ्या मते चार टक्क्यांच्या वाट्याइतकेच हे पंचेचाळीस दिवस महत्त्वाचे आहेत. हातात भांडवल असलेला व्यापारी चार महिने थांबू शकतो. रांझीतील तीन यंत्रांच्या पेढीला ते शक्य नाही, आणि ज्यांच्यासाठी वाटा राखला तेच प्रथम गळून पडतात.

कमानी ट्यूब्ज या मुंबईतील बुडालेल्या कारखान्याची धुरा घेणाऱ्या कल्पना सरोज यांचे नाव मी त्यांना सांगितले. अकोला जिल्ह्यातील दलित कुटुंबातील ही मुलगी शिवणकामापासून वर आली, आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्यांचे चेक कोण लिहीत होतं?’’ या प्रश्नावर मी निरुत्तर झाले, पण मनातून मला फार बरे वाटले.

दिरांचे काय झाले, हे तुम्हाला विचारावेसे वाटत असेल. मी निघाले तेव्हा ते दारात उभे होते, नमस्कार केला, पण चेहरा उतरलेला होता. त्यांचेही म्हणणे मी येथे नोंदविते, कारण ते अप्रामाणिक माणूस नव्हेत. ‘‘कचेऱ्यांचे उंबरे मी झिजवले, ताई. बाबू लोकांची बोलणी मी खाल्ली. आता मी बाजूला व्हायचं?’’ मी म्हटले, बाजूला कशाला, भागीदार व्हा. एकोणपन्नास टक्के तुमचे, एक्कावन्न त्यांचे, दोघांच्या सह्या, आणि कागद वकिलाकडून करून घ्या. ते काही बोलले नाहीत.

ते दक्षिण आफ्रिकेचे निवेदन मी परत आल्यावर पुरे केले. ‘सक्षमीकरण’ हाच शब्द ठेवला, कारण कार्यालयात तो रूढ आहे.

गेल्या महिन्यात जबलपूरहून दुसरे पत्र आले. भागीदारीचा कागद अजून झालेला नाही, दीर जेवायला घरी येतात पण हिशेबाला बसत नाहीत. बँकेतील क्रमांक बदलला आहे. बाराशे जोड हातमोज्यांची एक मागणी बाईंनी स्वतः भाव ठरवून घेतली, त्यात कापडाचा अंदाज थोडा चुकला आणि नफा कमी आला. माल स्वीकारल्याची तारीख त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवली होती. पैसे अडतिसाव्या दिवशी जमा झाले. ओटीपी आला तेव्हा त्या कणीक मळत होत्या, म्हणून आकडा सासूबाईंनी वाचून दाखविला.